ओट भिजवा, पण आधी वैरण पाहा

दसरा-दिवाळी उलटली की घोडेवाल्यांच्या गप्पांत एकच विषय असतो, घोडं भरेल कसं? कुणाला दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी विकायची असते. कुणाला तुळशीच्या लग्नानंतर वराती धरायच्या असतात, तर कुणाला माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर गिऱ्हाईक मिळवायचं असतं. बरगड्या झाकल्या जाव्यात, पुठ्ठे गोल दिसावेत आणि अंगावर चमक यावी, एवढंच सगळ्यांचं म्हणणं. अलीकडे त्यावर उत्तरही ठरलेलं मिळतं : ओट भिजवून घाला, महिन्यात फरक दिसेल.

ओट चांगले आहेत आणि भिजवण्यातही काही गैर नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की बादली भिजत घालण्याआधी घोड्यापुढच्या गव्हाणीत दिवसभर काय असतं ते बघा. दुबळ्या घोड्यांपैकी बहुतेकांना चंदी कमी पडत नसते, वैरण कमी पडत असते.

घोड्याचं पोट गाईसारखं नाही. गाईच्या पहिल्या पोटात शंभर लिटरहून जास्त माल मावतो. पाचशे किलोच्या घोड्याचं जठर मात्र ८ ते १५ लिटरचं. मोकळं सोडलं तर घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतं. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, खाणं असो वा नसो. सकाळी दोन पेंढ्या टाकून त्याला संध्याकाळपर्यंत लगाम घालून उभं ठेवलं, तर रिकाम्या जठराला आतून जखमा होतात. मग खाण्यावरची वासना उडते आणि मालक म्हणतो, ‘घोडं काही अंगी लावून घेत नाही.’ पर्यटकांच्या ठिकाणी दोन फेऱ्यांच्या मधे लगाम काढून तोंडासमोर गवताची जाळी टांगली, तर हे दुखणं निम्म्यावर येईल. त्याला खर्च गवताचाच आणि तो तसाही करायचाच आहे.

वैरण किती? वजनाच्या शेकडा दोन, तीही कोरडी मोजून. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला सहा किलो सुकी वैरण. हिरवा चारा देत असाल तर त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. वीस किलो हिरवं गवत दिसायला ढीगभर असलं तरी त्यातून कोरडा माल चार-पाच किलोच मिळतो. चांगलं वाळलेलं डोंगरी गवत, ज्वारीचा कडबा आणि सोबत थोडा लसूण घास, हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे. गव्हाच्या भुश्यावर घोडं ठेवू नका. त्यात कस नसतो, आणि पाणी कमी पडलं तर तो आतड्यात गच्च बसतो. कोवळी हिरवी ज्वारी तर घोड्यापुढे टाकूच नका, तिच्यात विषारी द्रव्य असतं.

वैरण पोटभर मिळते आहे, तरी घोडं वाळलेलंच दिसतं? मग ओटाकडे वळा.

घोड्याच्या चंदीत जितकी धान्यं आपण घालतो, त्यांत ओट सगळ्यात निर्धोक. दाण्यावर टरफल असल्यामुळे त्यात तंतू जास्त आणि पिष्ट कमी. मक्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास पिष्ट असतं, ओटात चाळीसच्या थोडं वर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओटातलं बहुतेक पिष्ट लहान आतड्यातच पचून जातं. कच्चा मका किंवा जव दिला तर त्यातलं बरंचसं न पचता मागच्या मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे आंबतं. पोटशूळ उठतो तो बऱ्याचदा यातून. खुरांच्या आत दाह होऊन घोडं कायमचं लंगडं होतं, म्हणजे डॉक्टर ज्याला लॅमिनायटिस म्हणतात, तेही यातून. घोड्याला ओकता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच सरकणार, त्यामुळे त्याच्या खाण्यात चुकीला माफी फार कमी.

आता भिजवण्याचं. आपल्याकडे चंदी म्हटलं की भिजवलेला हरभरा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि ती बरोबर आहे. हरभरा टणक असतो, कोरडा दिला तर नीट चावला जात नाही. तीच रीत आपण ओटाला लावली. पण दात शाबूत असलेल्या जवान घोड्याला अख्खे कोरडे ओटही चांगले पचतात. भिजवल्याने त्यांचा कस वाढत नाही. एक किलो ओट भिजून फुगले आणि बादली भरली, तरी आत ताकद तेवढीच, वाढलं ते पाणी. वजन वाढवण्याचं श्रेय भिजवण्याला देणं म्हणजे सतार वाजवणाऱ्याचं कौतुक करताना गवसणीची तारीफ करण्यासारखं आहे.

तरीही मी भिजवा म्हणतो, ते वेगळ्या कारणांसाठी. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजलेल्या असतात, त्याला मऊ दाणा सोपा जातो. अधाशी घोडं कोरडी चंदी बकाबका गिळतं आणि घास अन्ननलिकेत अडकतो, मग नाकातून लाळ आणि दाण्यांचा लगदा वाहू लागतो. ओली चंदी दिली तर हा धोका बराच कमी होतो. ओटात धूळ असते, भिजवून धुतली की ती नाकात जात नाही. जुनाट खोकला असलेल्या घोड्याला याने मोठा आराम मिळतो. आणि उन्हाळ्यात तेवढंच पाणी पोटात जातं.

भिजवायचे कसे, यात आपल्या हवेचा विचार हवा. थंड मुलखात रात्रभर भिजवलेली बादली सकाळी ताजी असते, विदर्भातल्या एप्रिलमध्ये ती सकाळपर्यंत आंबते. ओट आधी सुपात पाखडून खडे, माती, उंदराच्या लेंड्या काढा. दोन पाण्यांनी धुवा आणि दाण्यावर चार बोटं पाणी राहील असं भिजत घाला. हिवाळ्यात रात्रभर चालतील, उन्हाळ्यात सावलीत चार तास पुष्कळ झाले. पाणी निथळून लगेच घाला. दाणा बोटांत दाबला की चेपला पाहिजे, आणि वास गोडसर, ओल्या पिठासारखा यायला हवा. ताकासारखा आंबट वास आला, वर फेस दिसला किंवा हाताला बुळबुळीत लागलं, तर ती बादली उकिरड्यावर ओता. तीस-चाळीस रुपयांचं धान्य वाचवायला जाल आणि पोटशूळाच्या उपचारात काही हजार घालवाल. तोबरा रोज धुवा, उन्हात वाळवा. तोबऱ्याच्या शिवणीत कालची चंदी काळी पडून चिकटलेली असते, ती नखाने खरवडल्याशिवाय निघत नाही. ताजे ओट आंबायला सुरुवात होते ती तिथूनच.

बुरशी लागलेलं धान्य भिजवून, धुवून, उन्हात घालून सुधारत नाही. मक्याची बुरशी तर घोड्याचा मेंदू सडवते आणि त्यावर औषध नाही. स्वस्तात मिळालेलं काळपट पोतं परत करा.

ओट भरडून दिले तर? म्हाताऱ्याला आणि शिंगराला भरड बरी. पण गिरणीवाल्याला सांगा, जाडसर भरड हवी, पीठ नको. भरडलेल्या ओटातलं तेल लवकर खवट होतं, म्हणून आठवड्याला पुरेल एवढंच भरडून आणा. किराणा दुकानात माणसांसाठी मिळणारे चपटे ओट्स टरफल काढलेले असतात आणि फार महाग पडतात. घरात पडून असलेलं मसाला ओट्सचं पाकीट तर घोड्याला देऊच नका. त्यात कांदा-लसणाची पूड असते आणि कांदा घोड्याला बाधतो, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

किती द्यायचे, हा खरा मुद्दा. त्यासाठी आधी घोड्याचं वजन माहीत हवं, आणि त्याला काटा लागत नाही. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून, खोगिराचा तंग बसतो तिथून, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४० आली तर वजन साधारण २६५ किलो. दहा-वीस किलोंची चूक होईल, हरकत नाही. दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी, चंदीच्या आधी मोजलं की घोडं चढतंय की उतरतंय हे तुम्हाला कळेल. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. थंडीत केस वाढतात आणि वाळलेलं घोडंही भरल्यासारखं दिसतं. म्हणून हात फिरवा. बरगड्या दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात. पाठीचा कणा, शेपटीचं मूळ, खांद्यामागची जागा चाचपा. अमेरिकेत डॉन हेनेके यांनी १९८३ मध्ये याच चाचपणीवर १ ते ९ गुणांची मोजपट्टी बसवली. त्यात कामाच्या घोड्याला ५ गुण उत्तम. पोट सुटलंय आणि वरून बरगड्या मोजता येतात, असं घोडं लठ्ठ नव्हे. त्याच्या पोटात जंत आहेत किंवा निकस चारा.

एका वेळच्या चंदीत वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. ३०० किलोच्या घोड्याला हे सुमारे ७०० ग्रॅम ओट झाले, कोरडे वजन करून. भिजल्यावर मोजलेत तर हिशेब चुकेल. दिवसाला दोन किलो द्यायचे असतील तर तीन वेळा विभागून द्या, एकदाच ओतू नका. सुरुवात २०० ग्रॅमपासून करा आणि दर दोन-तीन दिवसांनी तेवढेच वाढवा. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याची सवय व्हायला दोन आठवडे लागतात.

आणि डब्याने मोजू नका. ओट हलके असतात. एक लिटरच्या डब्यात ते जेमतेम अर्धा किलो बसतात, तर मका त्याच डब्यात पाऊण किलो. ओट संपले म्हणून मोतद्दाराने त्याच मापाने मका घातला, की घोड्याच्या पोटात पिष्ट अडीचपट गेलं. असे अपघात घडतात ते दुष्टपणाने नव्हे, डब्यामुळे. भाजीचा लहान काटा तबेल्यात टांगा.

आता त्या ‘महिन्यात फरक दिसेल’चा हिशेब. घोड्याचं एक किलो वजन वाढायला जेवढी जादा ऊर्जा लागते, ती ढोबळ मानाने सहा-सात किलो ओटांतून मिळते. बाकी वैरण आणि काम तेवढंच धरून, रोज एक किलो जादा ओट दिले तर महिन्याला चार-पाच किलो वजन चढेल. ३०० किलोच्या घोड्याला डोळ्यांत भरेल असा फरक पडायला दहा-बारा किलो तरी हवेत. म्हणजे दोन-अडीच महिने. यात्रेआधी पंधरा दिवस जागे झालात तर ओटांनी काही होणार नाही, आणि घाईने दुप्पट घातलेत तर यात्रेला घोडं नेण्याऐवजी डॉक्टरला बोलवावं लागेल. दोन-अडीच महिन्यांत भरलेलं घोडं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊनही टिकतं. घाईने फुगवलेलं महिन्यात उतरतं आणि विकणाऱ्याचं नाव जातं. चंदी आणखी न वाढवता ताकद वाढवायची असेल, तर ओटांवर रोज ५० ते १०० मिलिलिटर खाण्याचं तेल घाला, तेही चमच्या-चमच्याने वाढवत. कातडीला चमक येते ती यानेच, आणि थोडी रोजच्या खराऱ्याने.

एका गोष्टीवर मात्र मला थांबून बोलायचंय, कारण ती आपल्याकडे सर्रास घडते. ओटात स्फुरद जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी. गव्हाच्या कोंड्यात तर स्फुरद कॅल्शियमच्या दहापटीच्या आसपास. बरेच जण ओट आणि कोंडा एकत्र कालवतात आणि चारा म्हणून हत्तीगवत, म्हणजे संकरित नेपिअर, टाकतात, कारण ते गायीगुरांसाठी बांधावर लावलेलंच असतं. नेपिअरमध्ये ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं उरलंसुरलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मग घोडं रक्तातलं कॅल्शियम टिकवायला स्वतःची हाडं झिजवतं. आधी ते कारण नसताना पाय बदलून बदलून लंगडतं, दाढा दुखतात म्हणून चावायला कुरकुरतं, आणि शेवटी डोळ्यांखालची चेहऱ्याची हाडं दोन्ही बाजूंनी सुजल्यासारखी फुगतात. हे सगळं चांगलं खाऊ घालण्याच्या नादात. ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला यातलं निम्मं ठाऊक आहे. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात ती याचसाठी. घोड्याला नेपिअर आणि वाढे हा मुख्य चारा ठेवू नका. कोंडा मूठभरच घाला आणि ओटांबरोबर रोज एक-दीड किलो सुका लसूण घास ठेवा, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. क्षारमिश्रण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. साधं मीठ मात्र रोज पंचवीस-तीस ग्रॅम घालाच. स्वच्छ पाणी तर सदोदित समोर हवं. थंडीतही वीस-पंचवीस लिटर आणि उन्हात राबणाऱ्याला त्याच्या दुप्पट.

चारा आहे, ओट आहेत, हिशेब बरोबर आहे, आणि तरीही बरगड्या दिसतातच? मग लीद बघा. मूठभर लीद चाळणीत घेऊन नळाखाली धरा. ओटांची टरफलं तिच्यात नेहमीच दिसतील, घाबरू नका, एकेक दाबून पाहा. पोकळ असेल तर दाणा पचला. आतून पांढरं पीठ निघालं तर तो तोंडातून आला तसाच बाहेर पडला. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वाढत राहतात आणि कडेने धारदार होतात. गाल कापला जातो, जीभ कापली जाते. असं घोडं मान वाकडी करून चावतं आणि गवताचे चघळलेले बोळे खाली टाकतं. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून दाढा कानशीने घासून घेतल्या की निम्मी चंदी वाया जायची थांबते. जंताचं औषधही लीद तपासून, डॉक्टर सांगतील तेच द्या. शेजाऱ्याने दिलं म्हणून तेच आणि तेवढंच आपल्या घोड्याला देऊ नका.

पावसाळ्यानंतर घोडं अधूनमधून तापतं, पायांवर-पोटाखाली सूज येते आणि खाऊनही वाळत जातं, असं असेल तर रक्त तपासा. चावऱ्या मोठ्या माशांमुळे पसरणारा सर्रा असा आतून पोखरतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने त्याचा जंतू ओळखला, तो डेरा इस्माईल खान भागातल्या घोड्या-उंटांच्या रक्तातच. या रोगावर औषध आहे, पण ओट हा काही त्याचा उपाय नव्हे.

कामाचंही पाहावं लागेल. घोडा का अडला, भाकरी का करपली, याचं आपल्याकडचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. नुसतं बांधून ओट घातले तर चरबी चढेल, पाठ-पुठ्ठ्यांचं मांस भरणार नाही. ते चढावर चालवल्याने भरतं. पण सुटीच्या दिवशी चंदी निम्म्यावर आणा आणि वैरण वाढवा. शनिवार-रविवार राबलेलं घोडं तीन-चार दिवस बांधून ठेवलं, चंदी मात्र पुरी दिली आणि मग एकदम कामाला काढलं, तर पुठ्ठे लाकडासारखे आखडतात, घाम फुटतो आणि मूत चहासारखं होतं. असं दिसलं की एक पाऊलही चालवू नका, आहे तिथेच डॉक्टर बोलवा.

ज्या घोड्याची हाडं वर आली आहेत, जे आठवडेच्या आठवडे उपाशी होतं, त्याला ओट मुळीच घालू नका. दया येते, हात बादलीकडे जातो, पण अशा शरीराला एकदम पिष्ट मिळालं की रक्तातले क्षार ढासळतात आणि घोडं खाऊन मरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी यावर काम केलं आहे. त्यांचा सल्ला असा, की पहिले दहाएक दिवस थोडा थोडा लसूण घास दर काही तासांनी द्यावा आणि तो हळूहळू वाढवावा. डॉक्टर सांगेपर्यंत चंदीला हात लावू नका.

ज्यांच्याकडे चार गुंठे पाण्याखालची जमीन आहे, त्यांनी ओट घरीच पेरावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी केली की पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी मिळते आणि पुढे महिन्याभराने दुसरी. केंट आणि राहुरीचं फुले हरिता हे वाण आपल्याकडे रुळलेले आहेत. हिरव्या ओटाला घोडं कधी नाही म्हणत नाही. बियाणं उरलं तर मात्र ते तोबऱ्यात घालू नका. दुकानातल्या बियाण्याला बुरशीनाशक आणि कीटकनाशक चोळलेलं असतं, दाणा लालसर किंवा हिरवट दिसतो तो त्यामुळेच, आणि कितीही धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही. ती पिशवी चंदीच्या पोत्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवा आणि मोतद्दाराला, घरच्या पोरांनाही ती दाखवून ठेवा.